भाकर टाकून येणारी कुत्री

परवा माझी भाची मोठ्या कौतुकाने सांगत होती, की परदेशात फेफरं येणाऱ्या माणसांच्या सोबतीला कुत्री देतात. ती कुत्री शिकवून तयार केलेली असतात, त्यांच्या अंगावर कोट असतो, गळ्यात पट्टा असतो, आणि माणसाला झटका येणार असला की काही कुत्री आधीच इशारा देतात. एवढं सांगून भाची माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू आता मावशी तोंडात बोट घालणार. मी सुपारी कातरत होते, ती कातरत राहिले आणि म्हटलं, आमच्याकडे होती एक. तिच्या अंगावर कोट नव्हता, खरूज होती.

हसण्यावारी नेलं खरं, पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले ते विसरते. पुन्हा बाहेर येते. लिहून काढलं तर पायांना थोडी स्वस्थता मिळेल म्हणून लिहायला बसले आहे. स्वस्थ बसणं हे माझ्या स्वभावात कधीच नव्हतं आणि तरुणपणी तर मला नेमकी तीच शिक्षा झाली होती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. गाव मालेगाव, म्हणजे वाशीमच्या रस्त्यावरचं आमचं मालेगाव. रस्त्याला लागून बाबांचं धान्याचं दुकान, मागे राहतं घर, आणि दुकान व घर यांच्या बाजूने एक ओटा. माझी थोरली बहीण लग्न होऊन सासरी गेलेली, घरात बाबा, आई, मी आणि बाबांची मोठी बहीण, जिला सगळं गाव आत्याबाई म्हणे. आत्याबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून घराचा कारभार त्यांच्या हातात होता. आमचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं, पाणी गाळून पिणं, कांदा-लसूण घराबाहेर, आणि या सगळ्यावर आत्याबाईंचा पहारा. देवळातल्या मूर्ती डोळे मिटून बसत असतील, आत्याबाई मिटत नसत.

मॅट्रिकच्या वर्षी मला पहिलं फेफरं आलं. घरात त्याला फेफरं कोणी म्हणत नसे, मिरगी तर नाहीच. घरात त्याला ‘ते’ म्हणत. ‘ते आलं होतं काय?’ असं विचारलं जाई, जणू एखादा वाह्यात पाहुणा दुपारी येऊन चहा पिऊन गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी ‘ते’ कमी झालं, पण जायचं नाव घेईना. महिन्यात कधी एकदा, कधी जास्त. मला स्वतःला त्याची चाहूल कधीच लागत नसे. उभी आहे तिथे कोसळायचं, मग ते पायरीवर असो की पाट्या-वरवंट्यावर. माझ्या कपाळावर, कोपरांवर, हनुवटीवर सगळीकडे खुणा होत्या. आत्याबाई हळद दाबत आणि मी डोळे उघडले की आधी रागावत.

म्हणून मला एकटं सोडायचं नाही असा नेम झाला. चुलीजवळ जायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, आणि बाकी कुठेही जायचं तर मागे कोणीतरी. न्हाणीघराची कडी काढून टाकली होती. मी आत आंघोळ करायची, आत्याबाई बाहेर पाट टाकून बसायच्या, आणि मी आतून मोठ्याने णमोकार मंत्र म्हणत राहायचं. मंत्र चालू म्हणजे पोरगी शुद्धीवर. आंघोळीत मंत्र कसा चालेल असं आईने एकदा हळूच विचारलं, तेव्हा याला शुद्ध-अशुद्ध काही लागत नाही, असा निकाल आत्याबाईंनी जागच्या जागी दिला. मला अर्थातच खोड्या सुचत. मी मधेच गप्प व्हायची. बाहेर जपमाळ थांबायची, पाट सरकायचा, दार ढकललं जाणार तेवढ्यात मी पुढचा शब्द उचलायची. ‘तुह्या ह्या खोड्यानं एखाद्या दिवशी माहाच जीव जाईन,’ असं आत्याबाई बाहेरून म्हणायच्या आणि पुन्हा जपमाळ सुरू करायच्या.

आता कांद्याची हकीकत सांगितलीच पाहिजे. या प्रयोगाला मी स्वतः हजर असूनही नव्हते, त्यामुळे आईने जसं सांगितलं तसं सांगते. झटका आलेल्या माणसाच्या नाकाला फोडलेला कांदा लावायचा, नाहीतर चप्पल हुंगवायची, असं आमच्याकडे ज्याला त्याला ठाऊक. शेजारची पाटलीणबाई आवाज ऐकून कांदा फोडून धावत आली. उंबऱ्यावर आत्याबाई आडव्या. कांदा आत येणार नाही. मग चप्पल. तर चप्पल चामड्याची, ती पोरीच्या तोंडाजवळ न्यायची नाही. पाटलीणबाई म्हणाली की मग करायचं काय. यावर आत्याबाईंनी जो तोडगा काढला, त्याला माझा आजही नमस्कार आहे. कांदा आत येऊ शकत नाही, तर पोरगी बाहेर जाऊ शकते. बाबांनी काखेत धरलं, आईने पाय धरले आणि माझी स्वारी उंबरा ओलांडून ओट्यावर निघाली. तोवर झटका आपोआप ओसरला होता, पण श्रेय कांद्याने घेतलं. पुढे हा रिवाजच पडला. ‘ते’ आलं की मला उचलून ओट्यावर आणायचं आणि पाटलीणबाईला हाक मारायची.

त्या ओट्याखाली ती कुत्री राहत असे.

पिवळसर रंगाची, एक कान फाटलेला, पाठीवर खरूज. आमच्याकडे संध्याकाळची शेवटची भाकर कुत्र्याची. घर दिवस मावळायच्या आत जेवत असल्याने आमच्या गल्लीत सगळ्यात आधी भाकर आमच्याच ओट्यावर पडायची, आणि ही त्या वेळेला बरोबर हजर. भाकर टाकणं हे काम मला दिलं होतं, कारण त्यात पडण्यासारखं काही नव्हतं. मी भाकर टाकायची, ती खायची, आणि आत्याबाई दारातून दोघींवर नजर ठेवायच्या.

एका संध्याकाळी मी भाकर टाकली आणि कुत्रीने तिच्याकडे पाहिलंच नाही. सरळ ओट्यावर चढून आली, माझ्या तळहाताला नाक लावलं, मग माझ्या पायांत आडवी उभी राहिली. मी सरकले की ती सरकायची. आत्याबाईंनी हाकललं, तरी जाईना. कुत्र्यानं शिवलं म्हणून मला पाय धुवायला पाठवलं. पाय धुता धुता मी मोरीत कोसळले.

तेव्हा मी काही मनात धरलं नाही. पण पुढच्या वेळी तसंच झालं. भाकर तशीच पडलेली, कुत्री माझ्या पायांत, आणि थोड्या वेळाने मी जमिनीवर. मग मी गुपचूप लक्ष ठेवू लागले. रोज भाकर टाकली की मी तिच्या तोंडाकडे पाहत राहायची. ती खायला लागली की मी निर्धास्त आत जायची. आणि ज्या दिवशी भाकर सोडून माझ्याकडे आली, त्या दिवशी मी आत्याबाईंची नजर चुकवून दुकानामागच्या कोठीत गेले, रिकाम्या पोत्यांवर कुशीवर निजले आणि वाट पाहत राहिले. वाट पाहणं फार वाईट असतं. वाटलं, काही होणार नाही, आपण वेडेपणा केला. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी पोत्यांवरच होते, तोंडात रक्ताची चव होती, आणि अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

ती चुकायचीही, हे सांगते. एकदा तिने भाकर सोडली आणि मला काहीच झालं नाही, मी उगाच पोत्यांवर पडून उंदीर मोजले. एकदा तिने भाकर खाल्ली आणि तरी ‘ते’ आलं. पण आजवर मला काहीच इशारा नव्हता, आणि आता कधी कधी होता. माझ्यासाठी तो फरक केवढा मोठा होता हे सांगायला मला आजही शब्द सापडत नाहीत, आणि माझ्याकडे शब्दांची कधी टंचाई नसते.

याच सुमारास गावातल्या महिला मंडळाने देवळाच्या धर्मशाळेत बालवाडी काढायचं ठरवलं. शिकवायला मॅट्रिक झालेली मुलगी हवी होती. गावात अशा मुली कमीच, आणि त्यातली लग्न न झालेली मी. मंडळाच्या बाया घरी येऊन गेल्या. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी जिन्यावर बसून एकटीच गाणी रचली. आत्याबाई म्हणाल्या, लेकरांपुढे पडली तर लेकरं भिऊन मरतील.  बाबा म्हणाले, संक्रांतीपर्यंत पाहू. तोवर एकदाही जखम करून घेतली नाही, एकटी राहू शकते असं दिसलं, तर जाऊ द्यायचं. नाहीतर विषय संपला.

मी मनात म्हटलं, जिंकलं. माझ्याकडे कुत्री होती.

आणि मग माझ्या जिभेने घात केला. एखादी मजेची गोष्ट माहीत असून ती न सांगणं मला जमत नाही, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. एका संध्याकाळी जेवताना मी सगळी कथा सांगून टाकली. भाकर, तळहात, पोती, सगळं. हातवारे करून, कुत्रीची नक्कल करून. मला वाटलं होतं, सगळे थक्क होतील. आई खरंच थक्क झाली. आत्याबाईंनी मात्र ताटावरून हात उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, की म्हणजे ती शिवते तेव्हा तुला ‘ते’ येतं.

मी म्हटलं, ती शिवते म्हणून येत नाही, येणार असतं म्हणून ती येते. आत्याबाई म्हणाल्या, आधी कोण येतं? कुत्री. मागून कोण येतं? ‘ते’. मग कोणी कोणाला आणलं? मी जेवण सोडून उभी राहिले.

‘आत्याबाई, पोस्टमन तार घेऊन येते. तार वाचून समजते का कोनी मेलं. मग काय त्याले पोस्टमननं मारलं?’

आत्याबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. ‘नाई मारलं. पन तार आननाऱ्याले कोनी घरात बसवून भाकर घालते काय?’

बाबा हसले. मलाही हसू येत होतं, काय करणार, उत्तर झकास होतं. पण त्या हसण्यात माझी कुत्री गेली.

आता प्रश्न असा, की जैनाच्या घरातून कुत्रं हाकलायचं कसं. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, रानात सोडून लांडग्यांच्या तोंडी द्यायचं नाही. आत्याबाईंना झोप लागेना. जवळच्या जऊळका गावचा एक शेतकरी बाबांच्या दुकानात ज्वारी घालायला बाजाराच्या दिवशी बैलबंडी घेऊन येत असे. त्याला राखणीला कुत्रं हवं होतं. आत्याबाईंनी कुत्रीच्या सोबत भाकरी बांधून दिल्या, बसायला बंडीत पोतं अंथरलं आणि सूचना सुरू केल्या. शिळं घालू नका. दगड मारू नका. पाणी गाळून नाही दिलं तरी चालेल, पण स्वच्छ द्या. शेतकरी ऐकता ऐकता कासरा धरून हसायला लागला आणि म्हणाला, ‘बाई, आमी पोरीले सासरी धाडतानी एवढं नोयतं सांगतलं.’

बंडी वळणावर गेली. कुत्रीने मागे वळून वगैरे पाहिलं नाही. ती भाकरीचं गाठोडं हुंगत होती.

माझ्या मागचे पहारे पुन्हा तेच, पण आता मला बसवेना. संध्याकाळ झाली की मी उगाच भाकर घेऊन ओट्यावर उभी राहायची. गल्लीतली दुसरी कुत्री यायची, खायची, जायची. त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी घरातल्या घरात खोली मोजत फिरायची. आई म्हणायची, जरा टेक. टेकले की वाटायचं, आत्ता येईल. उभी राहिले तरी तेच वाटायचं.

ते आलंच. संक्रांत तोंडावर असताना, कोठीच्या दगडी पायरीवर. भुवईवर खोल जखम झाली, टाके पडले. आत्याबाईंनी हळदीचा हात जखमेवर धरून सांगितलं, की कुत्रीचा गुण अंगातून उतरायला वेळ लागतो. मंडळाच्या बाया पुन्हा आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत कपाळाला पट्टी बांधून दाराला कान लावून उभी होते. बाबा त्यांना म्हणत होते, ‘पोरगी सोताले सांभाळू शकत नाई, लेकरायले कशी सांभाळन? तुमी दुसरी कोनी पाहा.’ बाया म्हणाल्या, सोमवारपासून बालवाडी सुरू करायची आहे, तोवर दुसरी मिळाली तर पाहू. मिळाली नाही तर बालवाडीच राहून जाईल.

सोमवार यायला थोडे दिवस होते. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

युक्ती अगदी बाळबोध होती. आईला सांगितलं, आत्याबाईंबरोबर देवळात चालले. आत्याबाईंना सांगितलं, आईबरोबर पाटलीणबाईकडे हळदीकुंकवाच्या तयारीला चालले. दोघी एकमेकींवर भरवसा ठेवणाऱ्या, आणि दोघी मला वैतागलेल्या. मी चपला घातल्या, पदर डोक्यावरून घेऊन कपाळाची पट्टी झाकली आणि मोटार स्टँडवर जाऊन जऊळक्याच्या एसटीत बसले. त्या आजारानंतर मी पहिल्यांदाच एकटी घराबाहेर होते. खिडकीबाहेर कापसाची पांढरी वावरं जात होती आणि मी त्यांच्याकडे पाहतही नव्हते. मी फक्त मनातल्या मनात णमोकार म्हणत होते. शब्द चालू आहेत तोवर मी शुद्धीवर आहे. मला माझी न्हाणीघरातली खोडी आठवली आणि आत्याबाई बाहेर बसून काय सोसत असतील ते पहिल्यांदा कळलं. पण मी परत फिरले नाही.

शेतकऱ्याचं घर जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनच्या अलीकडे, शेताच्या कडेला. त्याची बायको शेणाने अंगण सारवत होती. कुत्री बकऱ्यांच्या गोठ्याजवळ सुतळीने बांधलेली. तिने मला पाहिलं, शेपटी एकदा हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. मला जरा राग आला. एवढं सगळं करून आले होते.

शेतकऱ्याच्या बायकोला मी सरळ सांगितलं, की कुत्री परत न्यायला आले आहे. तिला उलट आनंदच झाला. राखणीच्या कामाची ही नाही, असं ती म्हणाली. चोर आला तरी भुंकत नाही, नुसते माणसांचे पाय हुंगत फिरते. मला गुळाचा चहा दिला आणि म्हणाली, उद्या बंडी बाजाराला जाईल तेव्हा जा. मी म्हटलं, उद्यापर्यंत माझ्या घरचे मला जिवंत ठेवणार नाहीत. ती हसली आणि सुतळी माझ्या हातात दिली.

एसटीच्या कंडक्टरने कुत्रीला आत घेतलं नाही. मी तिचं तिकीट काढायला तयार होते. तो म्हणाला, कुत्र्याचं तिकीट नसतं. मी म्हटलं, मग फुकट न्या. गाडीतले लोक हसले, गाडी निघून गेली, आणि मी व कुत्री रस्त्यावर उभ्या. मग चालायला लागलो.

आमची ती मिरवणूक कोणी पाहिली असती तर त्याने पैसे फेकले असते. कुत्रीला प्रत्येक बाभळीखाली काम असे. खारीच्या मागे ती सुतळीसकट मला ओढून नेई. मी तिला शिव्या देत होते, विनवत होते, मंत्र म्हणत होते, सगळं एकाच श्वासात. ऊन चढलं. मागे जऊळका दिसेनासं झालं होतं आणि पुढे मालेगावचा पत्ता नव्हता. आणि तिथे ती थांबली. खार समोरून गेली तरी तिने पाहिलं नाही. वळून आली, माझ्या तळहाताला नाक लावलं आणि माझ्या पायांत आडवी उभी राहिली.

मी इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूला कोणी नाही. रस्ता डांबरी, कडेला गिट्टी. थोडं पुढे एका वावरात ज्वारी काढून कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. मी धावले. धावताना वाटलं, पोहोचत नाही. पोहोचले. पेंढ्या ओढून जमिनीवर पसरल्या. एक गोष्ट मात्र मी अगदी शुद्धीत आणि विचारपूर्वक केली. कोणी वाटसरू येऊन माझीच चप्पल माझ्या नाकाला लावेल, म्हणून दोन्ही चपला कडब्याखाली खोल दडवल्या. मग कुशीवर निजले. कुत्री माझ्या पोटाला टेकून बसली. मला वाटलं, आई आणि आत्याबाई आता एकमेकींना भेटल्या असतील.

जाग आली तेव्हा डोकं जड होतं, जीभ चावली होती, आणि डोळ्यांसमोर डोक्यावर कापसाची ओझी घेतलेल्या दोन बाया उभ्या होत्या. शेजारच्या वावरात त्या वेचणीला आल्या होत्या. कुत्री त्यांच्याकडे पाहत जागच्या जागी बसून होती. त्यातली म्हातारी मला निरखत म्हणाली, ‘भर दुपारची वावरात निजली, काहून वं बाई? घरून भांडून आली काय?’

मी तिच्याकडे पाहतच राहिले. आजवर शुद्धीवर आले की समोर घाबरलेले चेहरे असत, कांदा असे, हळद असे. ही बाई समजत होती की मी झोपले होते. मी म्हटलं, होय, भांडून आले. ती म्हणाली, मग परत जा, घरच्यांशी भांडून कोणाचं भलं झालं आहे. तिने पाणी दिलं. चपला शोधायला मला बराच वेळ लागला, कारण मी कुठे दडवल्या ते मला आठवेना. तिघींनी मिळून अर्धा कडबा उपसला.

त्यांचा कापूस मालेगावला जाणार होता. बंडीवर कापसाचा ढीग, ढिगावर मी आणि माझ्या बाजूला कुत्री. अख्ख्या वऱ्हाडात पडायला याहून चांगली जागा नव्हती, आणि आता मला ‘ते’ येण्याचं काही चिन्ह नव्हतं. मी वर बसून गाणी म्हणत होते. गाव जवळ येईल तसा आवाज मात्र बारीक होत गेला.

घराशी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई ओट्यावर रडत होती, बाबा सायकल घेऊन मला शोधायला गेले होते. आत्याबाई उभ्या होत्या. हातात जपमाळ नव्हती. माझ्या साडीला कडब्याचा चुरा, केसांत कापूस, सोबत कुत्री. त्यांनी कुत्रीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठाला लागलेलं रक्त पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

‘कोठी पडली?’

‘पडली नाई, आत्याबाई. निजली.’

त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि पट्टी सोडली. जुने टाके जसेच्या तसे. मग त्या माझं डोकं चाचपू लागल्या. केसांत बोटं घालून, कानामागे, मानेवर. कोपर उचलून पाहिलं, दुसरं पाहिलं. गुडघे पाहिले. पुन्हा डोकं. जखम सापडत नव्हती आणि त्या शोधायचं थांबत नव्हत्या. आई आतून म्हणाली, दिवस मावळायला आला, जेवून घ्या. आत्याबाईंनी ऐकलं नाही. मी कुठे गेले, कशी गेले, कुत्री कुठे थांबली, कडबा कुठे होता, हे सगळं त्यांनी मला विचारून घेतलं, आणि मी या वेळी एकही हातवारा न करता सांगितलं. बोलता बोलता समोरच्या घराच्या कौलांवरचं ऊन गेलं. दिवस बुडाला. आत्याबाईंचं जेवण त्या दिवसापुरतं गेलं. आयुष्यात नेमामुळे त्या किती वेळा उपाशी राहिल्या असतील, पण बोलत बसल्यामुळे पहिल्यांदाच.

बाबा अंधार पडता पडता आले. सायकल भिंतीला लावून माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा हात उठतो की काय असं मला वाटलं. आत्याबाई मधे आल्या.

‘सोमवारपासून जाऊ दे तिले.’

‘अन् कुत्री?’ बाबांनी विचारलं.

आत्याबाईंनी थोडा विचार केला. धर्मशाळा देवळाची, तेव्हा कुत्री पायरीखाली बसेल, वर येणार नाही. शिवली तर पोरीने पाय धुवायचे. पण आधी निजायचं, मग धुवायचे. एवढं सांगून त्या आत गेल्या आणि सकाळची उरलेली भाकर आणून स्वतःच्या हाताने कुत्रीसमोर टाकली. ती कुत्रीने खाल्ली. आम्ही चौघं उभे राहून ती खाताना पाहत होतो.

सोमवारी सकाळी मी निघाले. मागे कोणी नाही. आत्याबाई ओट्यावर होत्या, पण त्यांनी पाठ फिरवून तांदूळ निवडायला घेतले होते, आणि तांदूळ न पाहताच निवडत होत्या. कुत्री माझ्या पुढे. मला वाटत होतं, गाव माझ्याकडे पाहतंय. कोणी पाहत नव्हतं. चौकात आलो आणि खानावळीच्या उकिरड्यावर रात्रीचं उष्टं पडलेलं होतं. कुत्री गेली. मी बोलावलं, चुचकारलं, रागावले. तिने मानसुद्धा वळवली नाही.

मी तिथे उभी राहिले. परत फिरायचं की तिची वाट पाहायची ते ठरेना. धर्मशाळेच्या दाराशी लेकरं जमली होती, त्यांचा कालवा चौकापर्यंत येत होता, आणि एकजण दुसऱ्याची पाटी घेऊन पळत होता. मी चालायला लागले.  दारात पोहोचून मी पाटी हिसकावून ज्याची त्याला दिली, सगळ्यांना गोल बसवलं आणि गाणं सुरू केलं. कुत्री गाणं अर्धं झाल्यावर आली, पोट भरून, आणि पायरीखाली अंग टाकून झोपली.